मूठ कोणाच्या ताटातली?



मशिदीच्या इमामाला लोक सर्वाधिक काय विचारतात? अनेकांना वाटते, नमाज-रोजाचे मसले विचारत असतील. प्रत्यक्ष अनुभव वेगळा आहे. महिन्याची वीस तारीख उलटली, की असरच्या नमाजनंतर एखादा भाऊ चपला घालताना रेंगाळतो, इतर नमाजी पांगण्याची वाट पाहतो आणि हळूच म्हणतो, "मौलाना, घरात बरकत राहिलेली नाही. एखादा वजीफा सांगा."

वजीफा मी सांगतो, तो प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या लाडक्या कन्येला शिकविलेला आहे. जाते ओढून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामाला एखादा सेवक मिळावा, ही विनंती घेऊन त्या पित्याकडे गेल्या. प्रेषित (स.) स्वतः त्यांच्या घरी आले आणि निजण्यापूर्वी 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह व 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास त्यांनी सांगितले, हे तुमच्यासाठी सेवकाहून उत्तम आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. या जिक्रने जाते आपोआप फिरू लागले नाही. दुसऱ्या दिवशीही ते हातांनीच ओढायचे होते; फक्त ओढणाऱ्या हातांना बळ देणारा कोण आहे, याचे स्मरण आता सोबतीला होते. म्हणून वजीफा विचारणाऱ्या भावाला मी तस्बीह सांगतो आणि त्याचबरोबर एक मागणी करतो : या महिन्याचा खर्च एका वहीत लिहून आणा.

ही वही मागण्याचा अधिकार मला सहज मिळालेला नाही. तीन वर्षांपूर्वी मी हप्त्यांवर एक मोबाईल घेतला. बयान ध्वनिमुद्रित करण्यासाठी चांगला फोन हवा, असे मी घरी सांगितले. खरे कारण हे होते, की जुन्या फोनची फुटलेली काच चारचौघांत काढताना मला लाज वाटू लागली होती. इमामाचा पगार तो केवढा! पावसाळ्यात घराची कौले बदलावी लागली आणि दोन हप्ते थकले. वसुलीचे फोन सुरू झाले. एका संध्याकाळी फोन वाजला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाने तो उचलला. मी हाताने खूण केली. मुलगा माझ्याकडे पाहत फोनमध्ये म्हणाला, "अब्बू घरी नाहीत." मी डोक्यावर टोपी घालून, वुजू करून, मशिदीत जाण्यासाठी उंबऱ्यावर उभा होतो. त्या रात्री इशाची इमामत मी केली. कोणती सूरह पढलो ते आजही आठवत नाही.

प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. आपण कर्जापासून इतका वारंवार आश्रय का मागता, असे कोणीतरी विचारले. त्यावरील उत्तराचा आशय असा, की माणूस कर्जात अडकला म्हणजे बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन ते मोडतो. मदरशात ही हदीस मी पाठ केली होती, तिच्या सनदीसह. तिचा अर्थ मात्र मला माझ्या मुलाच्या तोंडून कळला. कर्ज पैशाच्या आधी सचोटी खाते, आणि माझ्या घरात तर ते लेकराची सचोटी खाऊ लागले होते.

कर्ज घेणे मुळातच निषिद्ध आहे, असे मी म्हणत नाही. प्रेषितांचे (स.) निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत मदीनेतील एका यहुदी गृहस्थाकडे तीस साअ जवाच्या बदल्यात गहाण होते. ज्यांच्या शब्दावर सारा अरबस्तान उभा राहत होता, त्यांच्या घरातील ही स्थिती. पण ते कर्ज घरच्यांच्या भाकरीसाठी होते. मिरविण्यासाठी घेतलेले कर्ज आणि जवासाठी घेतलेले कर्ज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय आजच्या हप्त्यांत एक काटा दडलेला असतो. उशीर झाला की दंड चढतो. त्या दंडाला कागदावर कोणतेही नाव द्या. मुदत टळल्याबद्दल कर्जदाराकडून वाढवून घेतलेली रक्कम ही व्याजाचीच बहीण आहे, आणि सूरह बकरामध्ये व्याजाविषयी किती कठोर इशारा आहे हे आपण सारे जाणतो.

आता घरातील राहणीकडे वळू. माझे बालपण कोकणात गेले. आमच्याकडे मृग लागण्याआधी 'आगोट' भरण्याची पद्धत होती. पावसाचे चार महिने होड्या बंद, शेतात चिखल आणि हातात पैसा नाही. म्हणून उन्हाळ्यातच घराची बेगमी करून ठेवायची. कणगीत भात, मडक्यात आमसुले आणि चिंच, आढ्याला कांद्यांच्या माळा, डब्यांत सुके बोंबील, सोडे, जवळा. पडवीत लाकूडफाटा रचलेला असे. माझी दादी नारळाची करवंटीसुद्धा टाकत नसे. ती चुलीत जाई आणि तिच्या विस्तवावर अंघोळीचे पाणी तापे. भाताची पेज पाट्यावर वाटलेल्या चटणीबरोबर सकाळची न्याहारी होई. फाटलेली लुगडी गोधडीत जात, गोधडी जुनी झाली की पायपुसण्यात. दादीला वाचता येत नव्हते. अल्लाहची देणगी म्हणून जे हाती आले त्याचा शेवटचा धागाही वाया जाता कामा नये, हा तिचा साधा धर्म होता.

पुढे मदरशात शिकताना लक्षात आले, की दादीच्या या व्यवहाराला मोठा आधार आहे. साठवण करणे म्हणजे अल्लाहवर भरवसा नसणे, असे काही धार्मिक वृत्तीचे लोकही समजतात. सूरह यूसुफ वाचा. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सात वर्षे नेटाने पेरण्यास, खाण्यापुरते थोडे काढून बाकीचे धान्य कणसांतच ठेवण्यास सांगितले, कारण पुढे सात दुष्काळी वर्षे येणार होती. पैगंबराने मिसर देशाची आगोट भरली, असे म्हटले तरी चालेल. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) बनू नजीरच्या खजुरीच्या उत्पन्नातून आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची तरतूद करून ठेवत, असे हदीसमध्ये आले आहे. आणि तरीही त्या घरात चूल पेटत नसे असे दिवस येत! आदरणीय आयेशा (रजि.) सांगतात, की दोन महिन्यांत तीन वेळा नवचंद्र दिसे आणि प्रेषितांच्या घरांत विस्तव पेटलेला नसे, खजूर आणि पाणी यांवर गुजराण होई, आणि शेजारचे अन्सारी दूध पाठवत. मागणाऱ्याला देताना त्या घरात हात आखडता घेतला जात नसे, म्हणून साठा उरत नसे. शेजाऱ्यांनी पाठविलेले दूध त्या घराने नाकारले नाही, हेही येथे ध्यानात घ्या. आपल्यापैकी अनेकांना उपाशी राहणे चालते, पण शेजाऱ्याला कळलेले चालत नाही.

चपला तुटल्या तर प्रेषित (स.) स्वतः सांधत, कपडा फाटला तर स्वतः शिवत. घरात सालन नव्हते, केवळ सिरका होता, तेव्हा त्यांनी त्याच सिरक्याची वाखाणणी करून भाकरी खाल्ली. जमिनीवर पडलेला घास झटकून खावा, तो सैतानासाठी सोडू नये, अशी त्यांची शिकवण आहे. वुजूला त्यांना सुमारे एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाणी पुरे. आमच्या मशिदीच्या हौजावर, नळ सोडून शेजाऱ्याशी गप्पा मारत पाय धुणारे भाऊ पाहिले, की मला हे पाऊण लिटर आठवते. बोलत मात्र नाही. नमाजच्या वेळी भांडण नको.

येथपर्यंतचे सारे आपण यापूर्वी अनेकदा ऐकले असेल. इमाम मंडळी मिंबरवरून साधेपणावर बोलतात आणि ऐकणारे पुरुष घरी जाऊन बायकोला म्हणतात, "ऐकलेस का, खर्च कमी कर." खरी अडचण येथेच आहे.

माझी अम्मी रोज भातासाठी तांदूळ मोजून घेई आणि मग त्यातली एक मूठ परत काढून वेगळ्या गाडग्यात टाकी. महिनाअखेर ते गाडगे उपयोगी पडे. दारात फकीर आला तर त्यालाही त्यातूनच मिळे. लहानपणी मला हे फार आवडे. किती शहाणी बाई, असे गावही म्हणे. ती मूठ कोणाच्या ताटातली होती, हे मला फार उशिरा कळले. अब्बांच्या ताटातला भात कमी झाला नव्हता. आम्हा भावंडांच्या ताटातलाही नाही. अम्मी सर्वांच्या मागून जेवायला बसे; भात संपलेला असे, ती पेज पिई आणि म्हणे, मला पेजच आवडते. आम्ही ते खरे मानले. अब्बा वाईट माणूस नव्हते. संध्याकाळी नाक्यावर मित्रांसोबत त्यांचा चहा होई, पानही होई, आणि त्या चहाची नोंद कोणत्याच हिशेबात नव्हती.

बी.ए.ला मराठी शिकताना म्हणींवर एक टिपण लिहायचे होते. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' या म्हणीवर मी चार पाने लिहिली आणि गुणही चांगले मिळाले. आज लिहिले असते तर एवढेच विचारले असते : अंथरुणाच्या कडेला कोण निजले आहे? अंथरूण लहान असेल तर सर्वांनीच पाय आखडावेत. एकाने ऐसपैस पसरावे आणि दुसरीने कडेला कुडकुडावे, याला किफायत म्हणत नाहीत.

इस्लामने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे वर्णन आहे, की ते खर्च करताना उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजूषपणाही नाही. दोहोंच्या मधली वाट धरतात. आपण या आयतीचा पहिला भाग बायकांना ऐकवतो आणि दुसरा भाग स्वतःही ऐकत नाही. हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) येऊन तक्रार केली होती, की पती अबू सुफयान हात आखडून धरतात, मला व मुलांना पुरेसे देत नाहीत. प्रेषितांनी त्यांना संयमाचा उपदेश करून परत पाठविले नाही. रीतीनुसार स्वतःला व मुलांना पुरेल एवढे पतीच्या मालातून घेण्याची परवानगी दिली. घरच्यांचे पोट हा त्यांचा हक्क आहे, पतीची मेहरबानी नव्हे. अर्थात ज्याची कमाईच तोकडी आहे त्याच्यावर अल्लाहनेही त्याच्या ऐपतीपलीकडे ओझे टाकलेले नाही. सूरह तलाकमध्ये हे स्पष्ट आहे, आणि तेथेच अडचणीनंतर सुलभतेचे आश्वासनही आहे. पण ऐपत किती आहे, हे घरातल्या माणसांना कळू तरी द्यावे.

आणि टंचाईची पहिली झळ कोणी सोसावी? हिजरी 18 मध्ये हिजाजात भीषण दुष्काळ पडला. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना तूप मिळेपर्यंत आपण तूप खाणार नाही, असे ठरविले. ते तेलावर भाकरी खात राहिले. इतिहासकार लिहितात, की त्यांचा रंग काळवंडला. ज्याच्या हाती खजिन्याची किल्ली होती, त्याने पहिली काटकसर आपल्या ताटापासून केली. घराच्या किल्लीलाही हाच नियम लागू आहे, असे मी मानतो.

म्हणून वही मागताना माझी अट असते, की ती पती-पत्नीने एकत्र बसून लिहावी, पगाराच्या दिवशी, आणि त्यात नाक्यावरचा चहाही यावा. त्यातून मार्ग निघतो. कोठे लग्नातील जेवणावळ निम्मी होते, कोठे ईदला मुलांचे कपडे येतात आणि मोठ्यांचे मागचेच चालतात. काहींच्या बाबतीत वहीच सांगते, की येथे कापण्यासारखे काही उरलेलेच नाही. अशा भावाला मी संकोच सोडायला सांगतो. सूरह तौबामध्ये जकातच्या हक्कदारांची यादी आहे आणि तीत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे. त्यांचा हक्क त्यांच्या दारी पोहोचविणे हे जमातीचे काम आहे. ज्यांची उधारी अशा घरांवर आहे, त्या सधन बांधवांना सूरह बकराने अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितले आहे, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले.

फोनचे हप्ते मी फेडले. मुलाला जवळ बसवून सांगितले, की त्या दिवशी मी चूक केली आणि ती तुझ्याकडून करवली. त्याने विचारले, "मग आता फोन आला तर काय सांगू?" मी म्हटले, अब्बूला फोन दे.

त्याच महिन्यात आम्ही आमची पहिली वही लिहायला बसलो. मी ओळी मांडल्या : दूध, गॅस, शाळेची फी, रिचार्ज, किराणा, वीजबिल, माझा चहा. पत्नीने वही वाचली आणि काही न बोलता परत दिली. मी विचारले, काही राहिले का? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या थायरॉईडच्या गोळ्या." त्या बंद करून तिला तीन महिने झाले होते. फोन घेतल्यापासून.

ती ओळ आता दर महिन्याला सर्वांत वर असते, आणि ती मी माझ्या हाताने लिहितो.