आधी पोचलेला माणूस

३१ ऑगस्ट १८८८, पहाटेचे पावणेचार वाजत आलेले. लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या बक्स रो या गल्लीतून चार्ल्स क्रॉस कामावर निघाला होता. पिकफर्ड्स या मालवाहू कंपनीत वीस वर्षांहून जास्त काळ मुरलेला गाडीवान. एका फाटकापाशी काहीतरी पडलेलं दिसलं. आधी त्याला वाटलं, ताडपत्री आहे. (गाडीवानाला दुसरं काय वाटणार?) रस्त्याच्या मध्यापर्यंत गेल्यावर कळलं, बाई आहे.

तेवढ्यात मागून रॉबर्ट पॉल हा दुसरा गाडीवान आला. वस्ती बदनाम, त्यात अंधारात रस्त्यात उभा असलेला अनोळखी माणूस. पॉल त्याला टाळून पुढे सटकायच्या बेतात होता. क्रॉसनेच त्याच्या खांद्याला हात लावून थांबवलं. तिचे हात गार लागले. पॉलला मात्र छातीत किंचित धुगधुगी जाणवली. चिरलेला गळा काळोखात दोघांनाही दिसला नाही. वर सरकलेला झगा त्यांनी खाली ओढला आणि वाटेत भेटलेल्या पोलिसाला सांगून ते कामावर गेले. ती बाई म्हणजे पॉली निकोल्स, जॅक द रिपर या खुन्याच्या पाच बळींतली पहिली मानली जाणारी.

खुनी सापडला नाही. शंभराहून अधिक वर्षांनी अभ्यासकांनी जुनी दप्तरं चाळली, तेव्हा क्रॉसचं खरं आडनाव लेचमिअर निघालं. झालं! प्रेताजवळ एकटा सापडला, नाव दुसरंच सांगितलं, कामाची वाट खुनांच्या जागांजवळून जाणारी. त्यात त्या पोलिसाची साक्ष, की तिथे आधीच एक हवालदार आहे असं क्रॉसने आपल्याला सांगितलं. क्रॉसने ते नाकारलं होतं. साक्षीदाराचा संशयित झाला, २०१४ साली त्यावर माहितीपटही निघाला.

मला हे पटत नाही. क्रॉस हे त्याच्या सावत्र बापाचं आडनाव. तो बाप पोलीस होता. शिवाय नाव लपवणारा माणूस मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरसमोर घरचा खरा पत्ता आणि मालकाचं नाव कशाला देईल? घरून निघाल्याच्या वेळेवरून त्याचा काही मिनिटांचा हिशेब लागत नाही म्हणतात. पण तो ‘साडेतीनच्या सुमारास’ निघाला होता, आणि या ‘सुमारास’वर कुणाला फासावर चढवायचं म्हणजे अतिच झालं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा चौकशीला गेला, म्हणून तर त्याच्याविरुद्धचा निम्मा पुरावा त्याच्याच जबानीतून निघतो.

लेचमिअर १९२० साली वारला. हयातीत त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. पॉलही त्याच गल्लीतून, त्याच अंधारात कामावर चालला होता आणि पोलिसांना जबानी देण्याआधी वर्तमानपत्राशी बोलून मोकळा झाला होता. त्याच्या वाटेचे नकाशे मात्र सहसा कुणी काढत बसत नाही. तो मागून आला, एवढंच.