हाताचे ज्ञान आणि डोळ्याची चोरी

साठीकडे झुकलेल्या बाईने नव्याने विद्यार्थिनी व्हावे, हा प्रसंग आपल्याकडे फारसा गौरवाचा मानला जात नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तो माझ्यावर येऊन पडला. तीसएक वर्षे मी परिचारिकांना सुईणपण शिकवीत आले होते. हाताने शिकले होते आणि हातानेच शिकवीत होते. आता मोर्शीच्या घरात खुर्चीवर पुस्तकांची चळत, चळतीवर मसाल्याचा डबा आणि डब्याला टेकवलेला फोन, अशी माझी शाळा उभी राहिली. पहिल्या दिवशी पाऊण तास मी मोठ्या तळमळीने बोलले. शेवटी एका मुलीने लिहून कळवले, ‘मॅडम, तुमचा आवाज बंद आहे.’ त्या पाऊण तासात चाळीस मुलींपैकी कोणालाच मला थांबवावेसे वाटले नाही, याचे दुःख मला आवाजापेक्षा अधिक झाले.

खरी अडचण मात्र यंत्राची नव्हती. मी नवशिकी असताना सालबर्डीकडच्या एका खेड्यात एक म्हातारी सुईण मला भेटली होती. गर्भारशीच्या पोटावर हात ठेवला की ती डोळे मिटून घेई. मी वाकून वाकून पाहू लागले, तेव्हा म्हणाली, ‘डोयानं काय दिसते माय? हातानं पाय.’ बाळाचे डोके कठीण, वाटोळे, बोटांखाली हलणारे. कुल्ला मऊ, बेढब. पायाळू मूल ओळखण्याची ही विद्या तिने मला दहा मिनिटांत दिली. ती फोनच्या काचेतून कशी द्यायची?

इथे आमच्या मुलखाने मला तारले. मोर्शी-वरूड म्हणजे संत्र्यांचे आगर. मी मुलींना सांगितले, घरात असतील ती दोन संत्री हातात घ्या, एक ताजे, टणक आणि दुसरे सालीखाली पोकळ, सैल झालेले. वार पडल्यावर गर्भाशय आवळून पहिल्या संत्र्यासारखे लागले, तर देवाचे आभार माना. दुसऱ्यासारखे लागले, तर धावाधाव करा. मुली आपापल्या घरी डोळे मिटून संत्री दाबीत बसल्या. पलीकडून एकीचा भाऊ हसला, तेही ऐकू आले. पण धडा पोचला.

दुरून शिकणे आपल्याला तसे नवे नाही. आनंदीबाई जोशींच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना वाचले. पुढे समुद्रापार पत्रे सुरू झाली, १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. न पाहिलेल्या माणसावर विश्वास टाकता येतो, एवढे त्या पत्रांनी दाखवले. इंटरनेटवरही मला तसा सुखद अनुभव आला. २००९ पासून ५ मे या सुईणींच्या दिवशी जगभरच्या सुईणी इंटरनेटवर एकत्र जमत आल्या आहेत, हे मला त्याच वर्षी कळले. इतकी मोठी भावकी असून आपण आजवर एकट्या होतो, असे वाटले.

मग मी जुन्या विद्यार्थिनींचा व्हाट्सअॅपवर एक गट केला. कोणी शंका विचारी, कोणी वाढदिवसाचे केक धाडी, कोणी देवांची चित्रे. एका रात्री दीडच्या सुमारास एक फोटो आला. दूरच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेने तो पाठवला होता. खाली एवढेच लिहिले होते, ‘मॅडम, एवढे रक्त चालेल का?’

मी पाहिले. फार वाटले नाही. ‘ठीक आहे’ हे शब्द अंगठ्याखाली आले होते. पण रक्ताच्या बाबतीत डोळा नेहमी कमीच मोजतो, मुरलेल्या माणसाचाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात आफ्रिकेतल्या ऐंशी रुग्णालयांपैकी सुमारे निम्म्यांनी रक्त डोळ्याने मोजण्याऐवजी खुणा केलेल्या पिशवीत मोजले आणि मिळायचे ते सर्व उपचार एकदमच दिले. गंभीर रक्तस्राव, मोठी शस्त्रक्रिया वा मृत्यू असे भयंकर प्रसंग त्यामुळे साठ टक्क्यांनी घटले. त्या रात्री हा प्रयोग माझ्यापुढे नव्हता, म्हातारी होती. मी फोन लावला आणि म्हटले, ‘फोटो राहू दे. पोटावर हात ठेव. कोणते संत्रे?’

‘पोकळ, मॅडम.’

पुढचा तासभर मी ओट्याशी उभी राहून फोनवर होते. गर्भाशय चोळ, इंजेक्शन दे, लघवी काढ, सलाईन लाव, १०८ला फोन कर. बाई वाचली.

इथवरची गोष्ट सांगताना मला संकोच नाही. पुढची सांगायला पाहिजे म्हणून सांगते. पंधरा दिवसांनी मी तोच फोटो माझ्या वर्गात दाखवला. चेहरा कापला होता. मला वाटले, तेवढ्याने माझे कर्तव्य झाले. वर्ग संपल्यावर एका विद्यार्थिनीने मला एकटीला लिहिले, ‘मॅडम, तो हात आमच्या वहिनीचा आहे. गोंदण ओळखले.’

त्या दिवशी मी जेवले नाही.

मनाची समजूत घालायला पुरावे पुष्कळ होते. त्या फोटोने चाळीस मुली शिकल्या. उद्या त्यातली एखादी कोणाला वाचवील. शिवाय आमचे सगळे शास्त्रच अशा चित्रांवर उभे आहे. विल्यम हंटरने १७७४ मध्ये गरोदर गर्भाशयाचा चौतीस चित्रांचा थोर ग्रंथ काढला. ती चित्रे गरोदरपणी मेलेल्या बायकांच्या देहांवरून काढली होती. चित्रकाराचे नाव ठाऊक आहे, हंटरचे तर आहेच. त्या बायकांची नावे ग्रंथात नाहीत. त्यांच्या देहांवर आम्ही अडीचशे वर्षे शहाण्या होत आलो. मग एका गोंदणाचे काय एवढे?

पण हा युक्तिवाद चोराचा आहे. घरात दहा पिढ्यांचा चोरीचा माल असला, म्हणून अकरावी चोरी सोज्वळ ठरत नाही. जुन्या बाळंतिणीच्या खोलीत उजेडसुद्धा बेताचा असे. ते अज्ञान होते, तसेच ते आबही होते. आम्ही अज्ञान घालवायला दिवा नेला आणि दिव्याबरोबर सगळे गाव आत नेले.

‘परवानगी विचारायची’ असे कोणी म्हणेल. कोणाला? वेणांनी पिळवटलेल्या बाईला? की दुसऱ्या दिवशी, जिचा जीव आपण वाचवला आणि जी आता कशालाच नाही म्हणणार नाही, तिला? उपकाराखाली दबलेला होकार हा होकारच नव्हे. सावकारापुढचा कुळाचा होकार असाच असे.

तरी मी गेले. दुसरे सुचेना. ती अंगणात बसून बाळाला तेल लावत होती. मी माझा अपराध सांगितला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘सऱ्यायनं पाह्यला मॅडम. मलेच कोणं दाखवला नाई.’

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी फोन तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिले. ‘एवढं रगत गेलतं माह्यं?’ मग सासूला हाक मारली, ‘आत्याबाई, पाहा!’ सासूने क्षणभर पाहिले, तोंड फिरवले आणि आत जाऊन उगीच भांडी वाजवू लागली.

‘पोरी शिकल्या काय यातून?’ तिने विचारले.

‘शिकल्या.’

‘मंग ठेवा. पण गोंदण झाका. माहेरचं हाये ते.’

ते ‘ठेवा’ उपकारातून आले की तिच्या स्वतःच्या मर्जीतून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. गोंदणापुरती अट तिने घातली, तेव्हा ती दबून बोलत नव्हती, असे मला वाटते. पण तसे वाटणे माझ्या सोयीचे आहे, हेही कळते. फोटो माझ्यापाशी आहे, गोंदण झाकलेला. वर्गात तो पुन्हा दाखवावा, म्हणून दोनदा काढला आणि दोन्ही वेळा संत्र्यांवरच भागवले.