'निल्' आणि नकार

जुन्या इंग्रजींत 'निल्' असें एक क्रियापद होतें. 'विल्' म्हणजे इच्छिणें. त्यास नकारार्थी 'ने' जोडून तें झालें, जसें आपल्या 'जाणणें'स 'न' लागून 'नेणणें' झालें. आज तें 'विली-निली' या जोडशब्दांत काय तें उरलें आहे, आणि तेथें त्याचा अर्थ 'इच्छा असो वा नसो' असा लाचार झाला आहे.

मराठीची स्थिति बरी. वस्तुस्थितीस 'नाहीं', इच्छेस 'नको', कर्तव्यास 'नये'. निदान व्याकरणांत! व्यवहारांत आपण इच्छेचा नकार वस्तुस्थितीच्या पदराआड लपवितों. परवां येथें दीपनगरांत एका विद्यार्थ्यानें मजकडे एक कोश मागितला. "सध्यां जवळ नाहीं," मी म्हणालों. कोश कपाटांत होता. द्यावयाचा नव्हता, इतकेंच.

आडपडदा नसलेला नकार खानदेशानें पाहिलेला आहे. 1930 सालीं साने गुरुजींनीं अमळनेरच्या शाळेंतील नोकरी सोडून सत्याग्रहांत उडी घेतली. ती नोकरी त्यांस अशक्य झाली नव्हती, करावयाची नव्हती.

तो विद्यार्थी काल पुन्हां आला होता. अगदीं निष्पापपणें त्यानें विचारलें, "सर, कोश परत आला का?"