नसल्यासारखं असणं

माझ्या भाचीच्या फोनमध्ये एका गुढीचा फोटो आहे. बांबूची हातभर काठी, तिला बांधलेला खणाचा तुकडा, कडुनिंबाची डहाळी आणि वर उपडा घातलेला स्टीलचा पेला. मागे पडदा ओढून घेतलेली खिडकी. रांगोळी, निरांजन, उदबत्ती यांतलं काहीच नाही. ‘मावशी, ही आमची सगळ्यात साधी गुढी,’ असं सांगून ती क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘पण पाडवा कळला तो त्या वर्षी.’

ते वर्ष 2023. भाची आणि तिचा नवरा पाठीवर सात-सात किलोच्या दोन सॅक टाकून इंडोनेशियात फिरत होते. बालीच्या सानूर किनाऱ्यावरून बोटीने अर्ध्या-पाऊण तासावर नुसा लेंबोंगान नावाचं बेट आहे, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं. तिथे एका घरात त्यांनी खोली घेतली होती. घरमालकीण साठीची. तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘इबू’ म्हणतात, म्हणजे आई. इबू रोज सकाळी नारळीच्या कोवळ्या पानांच्या द्रोणात फुलं आणि भाताची चार शितं ठेवायची, उदबत्ती लावायची आणि तो द्रोण उंबऱ्यापाशी मांडायची. तिसऱ्या दिवसापासून एक द्रोण या दोघांच्या खोलीपुढेही येऊ लागला.

21 मार्चला इबूने दोघांना बोलावून सांगितलं, ‘उद्या न्येपी. सकाळी सहापासून परवा सकाळी सहापर्यंत दिवा नाही, काम नाही, बाहेर जाणं नाही, करमणूक नाही.’ बोटी बंद, दुकानं बंद, रस्ते बंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद. बालीचा आंतरराष्ट्रीय विमानतळसुद्धा त्या दिवशी चोवीस तास बंद असतो. फक्त रुग्णाची निकड असेल तर वाट मोकळी होते.

जावयाने मनातल्या मनात हिशेब मांडला. सुट्टीचे मोजके दिवस, त्यातला एक अख्खा खोलीत कोंडून घेण्यात जाणार. त्याने विचारलं, ‘निदान किनाऱ्यावर तरी जाऊन बसू का? तिथे तर कुणीच नसेल.’ इबू हसली. ‘उद्या बेटावरच कुणी नसतं.’ ‘पण आम्ही आहोत ना!’ तेव्हा ती म्हणाली, ‘उद्या तुम्हीही नाही.’

या वाक्यामागे तिथली एक जुनी समजूत आहे. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर घेऊन गावोगाव मिरवणूक निघते, दणदणाट होतो. त्या आवाजाने जागी झालेली वाईट शक्ती दुसऱ्या दिवशी बेटावर उतरते, तेव्हा तिला ना उजेड दिसतो, ना माणूस, ना धूर. बेट ओसाड आहे असं समजून ती निघून जाते. म्हणून त्या दिवशी प्रत्येकाने नसल्यासारखं असायचं; घरच्यानेही आणि पाहुण्यानेही.

आणि हा दिवस म्हणजे त्यांचं नवं वर्ष. बालीत शक कालगणना चालते. 22 मार्च 2023 ला तिथे शके 1945 सुरू झालं आणि त्याच दिवशी आपल्याकडे गुढीपाडवा होता, शके 1945 चाच. एकच शक, एकच दिवस. आपण तोरण बांधतो, निरांजन लावतो, श्रीखंड करतो. ते चूल विझवतात.

भाचीने पाडव्यासाठी घरून खणाचा तुकडा नेला होता. तिने इबूला गुढी म्हणजे काय ते समजावलं आणि अंगणात उभारू का, असं विचारलं. इबूने थोडा विचार केला. ‘खोलीत उभी करा. दिवा नको, उदबत्ती नको, मोठ्याने म्हणणं नको.’ मग तिनेच मागच्या कुंपणातली कडुनिंबाची डहाळी आदल्या दिवशीच तोडून आणून दिली. कडुनिंबाला तिकडे ‘इन्तारान’ म्हणतात. भाचीला वाईट वाटलं. निरांजनाशिवाय गुढी तिने कधी पाहिली नव्हती. आपला सण आपल्या रीतीने करायचा हक्क आपल्याला नाही का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण तिने निरांजन लावलं नाही. त्या रात्री घराघरांतले दिवे बंद असताना, खिडकीच्या फटीतून दोघांनी जेवढं आकाश दिसलं तेवढं पाहिलं. चांदण्या मोजता येत नव्हत्या. मधूनच कुठेतरी कुत्रं भुंकायचं. बाहेर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार, पेचलांग, गस्त घालत होते.

त्याच दिवशी मुख्य बालीच्या एका किनाऱ्यावर दुसरं एक परदेशी जोडपं तंबू ठोकून राहिलं होतं. पेचलांगांनी उठा म्हटल्यावर त्या दोघांनी हुज्जत घातली. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि काही दिवसांतच त्यांना देशाबाहेर पाठवण्यात आलं. त्याच रात्री रमजानची पहिली तरावीह, म्हणजे रात्रीची खास नमाज, होती. बालीतल्या मुस्लिमांनी जवळच्या मशिदीत पायी जावं, भोंगा लावू नये, असं आवाहन सर्व धर्मांच्या प्रमुखांनी मिळून केलं होतं. एकाच रात्री कुणी आपला दिवा आवरला, कुणी आपला आवाज आवरला. त्यात कुणाचा धर्म उणा झाला नाही.

मला या गोष्टीतून सांगायचं आहे ते सॅकबद्दल. कमी सामानात फिरणाऱ्याबद्दल आपल्याला आदर वाटतो आणि तो योग्यच आहे. भाचीचा नवराही अभिमानाने म्हणायचा, ‘आम्ही पर्यटक नाही, प्रवासी आहोत. हॉटेल नको, एसी नको.’ पण पाठीवरची सॅक हलकी असली म्हणून आपण त्या भूमीला हलके होतो, असं नाही. लेंबोंगानवर नदी नाही. त्यांच्या खोलीतल्या नळाचं पाणी मचूळ होतं, पिण्याचं पाणी मोठ्या बाटल्यांतून यायचं. पोहून आल्यावर एकदा आणि झोपताना एकदा अशा दोन अंघोळी हे दोघं करत, तेव्हा इबूच्या घरात बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्याने भांडी धुतली जात होती. भाचीने हे पाहिलं ते न्येपीच्या दिवशी. बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून ती मागच्या पडवीत बसून होती. मग तिला आठवलं की आदल्याच दिवशी शहाळेवाल्या बाईशी पाच हजार रुपियांसाठी तिने घासाघीस केली होती. पाच हजार रुपिया म्हणजे आपले पंचवीस-तीस रुपये. स्वस्तात फिरण्याच्या त्या कौशल्याचं मोल कुणी मोजलं, हा प्रश्न तिला तोवर पडलाच नव्हता.

पाहुणा येतो नि जातो. बेटाला मात्र रोज जगायचं असतं. लेंबोंगानचे लोक पिढीभर समुद्री शेवाळाची शेती करत आले. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक वस्तूंत लागणारा घट्टपणा या शेवाळातून मिळतो. पर्यटन वाढलं तशी ती शेती मागे पडली. कोरोनात पाहुणे येईनासे झाले, तेव्हा माणसं पुन्हा ओहोटीच्या पाण्यात उतरली आणि त्याच शेवाळाने चूल पेटती ठेवली. या परिसरातली गावं वर्षातून एकदा, साधारण ऑक्टोबरच्या सुमारास पौर्णिमेला, समुद्रालाही विश्रांती देतात. त्या दिवशी पाण्यात ना होडी जाते, ना माणूस. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्यालाही एक दिवस आपल्यापासून सुटका द्यायची, ही केवढी मोठी समज आहे!

ही समज आपल्याला परकी नाही. मालवण तालुक्यातल्या आचरा गावात काही वर्षांनी गावपळण होते. श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या, चूलबोळकी घेऊन वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस, तीन रात्री झापांच्या खोपटांत राहतं. मागे गाव रिकामं. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने मानावा वा न मानावा, पण ही जागा केवळ आपल्यासाठी नाही, हे कबूल करण्याचं धैर्य त्यात आहे. त्याच किनाऱ्यावर मे महिन्यात आपण गाड्या भरभरून जातो. अनेक गावांत विहिरींनी तेव्हा तळ गाठलेला असतो आणि आपण खोलीत पाय ठेवताच विचारतो, ‘गरम पाणी चोवीस तास आहे ना?’

अतिथीला देव मानण्याची शिकवण आपण पिढ्यान्पिढ्या देत आलो. ती यजमानासाठी आहे. पाहुण्यासाठीही एक धर्म आहे आणि तो आपण फारसा शिकवलेला नाही. यजमानाने ‘नको’ म्हटलं तर ते मनात राग न धरता ऐकावं. त्याच्या पाण्यात, त्याच्या शांततेत, त्याच्या झोपेत आपला वाटा कमीत कमी असावा. पैसे मोजले म्हणून हा धर्म चुकत नाही.

23 मार्चला सकाळी सहा वाजता इबूने अंगणाचं दार उघडलं. भाचीने खोलीतली गुढी उतरवली आणि काठीला बांधलेला खणाचा तुकडा इबूच्या हातात दिला. तेव्हापासून ही दोघं जिथे जातात, तिथे सॅक खाली ठेवल्यावर पहिला प्रश्न एकच विचारतात. सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. तुम्हीही कुणाच्या तरी घरी, गावी, किनाऱ्यावर उतराल. इथे पाहण्यासारखं काय आहे, हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘तुमच्याकडे काय केलेलं चालत नाही?’