दहापैकी चार

लिलावाला ट्रॉली उभी केली की व्यापारी येतो, वरचे चार कांदे उचलतो, एकाची पत्ती चुरगाळून बघतो, एखादा नाकाशी नेतो आणि आकडा बोलतो. मिनिटसुद्धा लागत नाही. उळं टाकल्यापासून काढणीपर्यंत पाच महिने गेलेले असतात, आणि त्या पाच महिन्यांना एका मिनिटात मार्क मिळतात. त्या मिनिटाचा राग मला कधी आला नाही. पैसा त्याचा, जोखीम त्याची, रोज शेकडो ट्रॉल्या बघून नजर तयार झालेली. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका वर्षी एकजण माझ्या ट्रॉलीवरनं हात फिरवून "माल हलका आहे" म्हणाला आणि पुढं गेला. त्याच्या मागच्यानं तोच माल क्विंटलला दोनशे रुपये चढ्या भावानं घेतला. मग माल हलका होता, का पहिल्याला तो नको होता? "मला नको" म्हणाला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. "मला आवडलं नाही" आणि "हे चांगलं नाही" ही दोन वाक्यं आपण अशी बोलतो जशी काही ती एकच आहेत.

ह्या दोन वाक्यांवर मी लिलावात कमी आणि बिअरच्या बाटल्यांपुढं जास्त विचार केला, हे सांगायला थोडं विचित्र वाटतं. कारण मी पीत नाही.

आम्ही 1976 च्या दहावीचे चौघं वर्षातनं एकदा माझ्या मळ्यात जमतो. एक मास्तर, एक बँकेतले साहेब, एक एसटीचा ड्रायव्हर. तिघंही रिटायर. मी रिटायर होत नाही, शेतकऱ्याला तशी सोय नाही. मागच्या फेब्रुवारीत डोंगळे फुलले होते, बांधाला मधपेट्या ठेवलेल्या होत्या, तेव्हा जमलो. ड्रायव्हरचा पोरगा पुण्याकडं एका लहान बिअरच्या कारखान्यात कामाला आहे. बाप नातेवाइकांत "कंपनीत आहे" एवढंच सांगतो. कसली कंपनी ते सांगत नाही. त्या पोरानं मालकाच्या मागं लागून मध घातलेली बिअर काढली होती. पहिलीच खेप. चालली तर त्याची, नाही चालली तर जास्तच त्याची. त्यानं माझ्याकडं चार बाटल्या आणून दिल्या. तीन दुसऱ्यांच्या, सगळ्या मधाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, आणि एक त्याची. म्हणाला, "काका, कागद गुंडाळून द्या. कुठली कोणाची ते सांगू नका. आणि त्यात माझी एक आहे हे तर बापाला कळूच देऊ नका. नाहीतर दहापैकी दहा देतील."

मी चार बाटल्यांना पेपर गुंडाळला, वर एक ते चार आकडे टाकले आणि वही घेऊन बसलो. साहेबांनी आधी खिशातनं पिण्याचा परवाना काढून दाखवला. 1949 च्या दारूबंदी कायद्यानं तो आपल्या राज्यात लागतो, पण असा दाखवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. बँकेत जन्म गेला, दुसरं काय होणार.

एक नंबरला तिघांनी पाच-सहा दिले. दोन नंबर उघडली आणि मळ्यात वास सुटला. बाटलीतनं गोड मधाचा वास. मास्तर नऊ, साहेब आठ, ड्रायव्हर नऊ. "ह्याला म्हणायचं मध," साहेब म्हणाले. तीन नंबर पोराची. मास्तर पाच, साहेब पाच. ड्रायव्हरनं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं. "गोड नाहीच ही. मध कुठंय हिच्यात? आणि मागनं तुरट काहीतरी राहतंय, जांभळाची बी चावल्यासारखं. चार लिही." मी चार लिहिले. हात जड झाला, पण लिहिले. चार नंबरचं मला आता आठवतही नाही.

मग कागद काढले. दोन नंबरच्या बाटलीवर पुढं पोळ्याचं चित्र होतं आणि मागं बारीक अक्षरात मधाचा फ्लेवर घातल्याचं लिहिलेलं. तीन नंबरची पोराची आहे हे मी सांगितलं. ड्रायव्हर काही बोलला नाही. साहेबच घाईघाईनं म्हणाले, "अरे, मग माझे पाच खोड, सात कर."

"काही खोडायचं नाही," ड्रायव्हर म्हणाला. "नाव वाचून मार्क वाढवायचे तर कागद कशाला गुंडाळला होता लेका?"

मास्तर त्या वेळी दुसरीकडं बघत होते, हे मी वहीत नाही लिहिलं.

मध घातलेली बिअर गोड का लागत नाही, हे पोरानं मला आधीच सांगितलं होतं. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून त्याचं गोड पाणी काढतात. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं त्यात कडवटपणा आणतात. मग खमीर सोडायचं, म्हणजे यीस्ट. ते साखर खातं आणि तिची दारू करतं. मधात पाच भागांतले चार भाग साखरच. नुसता मध बरणीत वर्षानुवर्षं आंबत नाही कारण त्यात पाणी फार कमी, पाचव्या हिश्श्याच्याही खाली. पण पातळ करून खमिराच्या तावडीत दिला की बहुतेक सगळी साखर ते फस्त करतं. गोडी जाते. उरतो तो वास, आणि ज्या फुलाचा मध असेल त्याची एखादी खूण. म्हणजे जिच्यात खरा मध होता तिच्यात मध गोडीनं सापडणार नव्हता, आणि जिच्यात सापडला तिच्यात फ्लेवर होता. माझ्या वहीत फ्लेवरला नऊ होते आणि मधाला चार.

मास्तर म्हणाले, "यात आमचं काय चुकलं? मार्क चवीचे मागितले होते. मध खरा का खोटा हे आम्हाला विचारलंच नव्हतं." बरोबर आहे. जिभेला जे लागलं ते लागलं, त्याला खोटं कसं म्हणणार? ड्रायव्हरला ती कडवट लागली हे तितकंच खरं आहे जितकं ती खऱ्या मधाची आहे हे खरं आहे.

पण मला तेवढ्यावर थांबवत नाही, कारण माझ्या बांधावर पेट्या आहेत. डोंगळ्यात माशी फिरली नाही तर कांद्याचं बी धरत नाही. म्हणून पेटीवाल्याला मी दर वर्षी बोलावतो आणि त्या दिवसांत फवारणी बंद ठेवतो. त्याच्याकडं बसून मी ऐकलंय. एक माशी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा बारावा भाग मध करते. आणि थंडीत बरणीतला मध कणीदार झाला, खाली बसला, की शहरातलं गिऱ्हाईक बरणी परत आणून देतं. म्हणतं साखर घातलीय. खरं तर बरेचसे खरे मध थंडीत असे थिजतातच, तो मधाचा स्वभाव आहे. गिऱ्हाइकाला मात्र तारेसारखा ओघळणारा, वर्षभर काचेसारखा राहणारा, जिभेवर नुसता गोड असा हवा. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं 13 ब्रँडचे मध तपासून घेतले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाच्या चाचणीला त्यातले तीनच टिकले. ती भेसळ करणारे लबाड होतेच. पण त्यांनी लोकांच्या जिभेला विचारूनच ती केली, असं मला वाटतं. आपण ज्याला नऊ देतो ते बाजार आपल्याला करून देतो. आणि ज्याला चार देतो तो करणारा एक दिवस पेट्या विकून टाकतो.

मग काय, खरं आहे म्हणून आवडून घ्यायचं? ते तर त्याहून वाईट. साहेबांचे सात हे दयेचे मार्क होते. दयेचे मार्क घेऊन पोरानं दुसरी खेप काढली असती आणि ती गोदामात पडून राहिली असती. मास्तरांना मी म्हणालो, आवड काही सांगून येत नाही, ते कबूल. पण जीभ शिकते. लहानपणी कारल्याला रडणारी पोरं मोठेपणी ताटात दोनदा वाढून घेतात. तिला काय शिकवायचं, एवढं तर आपल्या हातात आहे का नाही? मास्तर म्हणाले, कारलं भाजी आहे, ही दारू आहे, तुलना चुकली. चुकली असेल. दहावीच्या वर्गातही ते माझ्या तुलना अशाच खोडायचे.

वहीचं पान जसं होतं तसं मी पोराला पाठवलं. त्याच्या फोनची मला धास्ती होती. फोन आला, पण आकड्यांचं त्यानं काही विचारलं नाही. म्हणाला, "काका, तीन नंबरपुढं जांभळाची बी कोण म्हणालं?" मी सांगितलं, तुझा बाप. पलीकडं जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला की मध जांभळाचाच होता. महाबळेश्वरकडचा, मांघरहून आणलेला. 2022 ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते मांघर. जांभळाच्या मधाला थोडी कडवट, तुरट चव असते. ती खमिरातनं वाचावी म्हणून त्यानं मध सगळ्यात शेवटी घातला होता. कारखान्यात मालकासकट सातआठ जणांनी ती बिअर प्याली होती आणि चांगले मार्क दिले होते. जांभूळ कुणालाच सापडलं नव्हतं.

हे मी ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, "खरंच जांभूळ होतं?" होतं म्हटलं. "मग मी बरोबर ओळखलं की," म्हणाला. हल्ली चावडीवर पोराच्या कंपनीचा विषय निघाला तर बिअर करतो म्हणून सांगतो, आणि त्यात जांभळाचा मध घालतो हेही सांगतो. मार्क मात्र त्यानं वाढवले नाहीत. आवडली का विचारलं की म्हणतो, "नाही बा. चारच."