अढळ प्रीती

भाताची झोडणी आटोपून दिवाळी सरली, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील कित्येक कुटुंबे दाराला कडी घालून, भांडीकुंडी डोक्यावर घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे उतरू लागतात. त्यांतील ख्रिस्ताला मानणाऱ्या बंधुभगिनींना या प्रभाती पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. उपासमार टळेल असे आश्वासन तो तेथे देत नाही; उपासमारीचे नाव उच्चारूनच, तीही आपणांस ख्रिस्ताच्या प्रीतीपासून विलग करू शकत नाही, अशी ग्वाही तो देतो, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो. वनजमिनीच्या पट्ट्याच्या दाव्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणाऱ्यास मुदतीची, पुराव्याची, दावा नामंजूर होण्याची धास्ती असते. या प्रीतीच्या सनदेत मात्र आपल्या लायकीची नोंदच नसल्यामुळे आपल्या नालायकीने ती रद्दही होत नाही.

उपासमारीतही न तुटणाऱ्या या प्रीतीची साक्ष पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसते: त्यांचे मातापिता दुष्काळाने हिरावले, पुढे बंधू व पती गेले, आणि १९२१ साली एकुलती कन्या मनोरमाही निवर्तली; तरीही केडगावच्या मुक्ती मिशनात बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वी तडीस नेले.