तीन वर्षांचा संघ

कॉलेजच्या संघावर जीव जडला, की ज्या मुलीच्या खेळावर आपण भाळलो ती लवकरच जाणार हे धरूनच चालावं लागतं. क्रिकेटमधला आवडता फलंदाज दहा-पंधरा वर्षं डोळ्यांसमोर असतो. कॉलेजची बास्केटबॉल खेळाडू तीन वर्षं. पहिलं वर्ष बहुतेक बाकावर जातं, दुसऱ्या वर्षी ती मैदानात स्थिरावते, तिसऱ्या वर्षी संघ तिच्या हाती येतो आणि तेवढ्यात परीक्षा, निकाल, निरोप. कर्नाटकात 2021 मध्ये चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट उघडली, तेव्हा एखादीचा आणखी एक मोसम बघायला मिळेल म्हणून मी सुखावले होते. 2024 च्या मे महिन्यात, सुखदेव थोरात यांच्या आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर, राज्य सरकारनं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. शिक्षणाच्या दृष्टीनं त्यात बरं काय आणि वाईट काय, ते जाणकार सांगतील. माझ्या मनात एकच हिशेब आला: नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलीचे तीनच मोसम.

यंदा आमची सेंटर आणि सगळ्यात भरवशाची शूटर, दोघीही गेल्या. आमची म्हणजे बंगळुरूत माझ्या घराजवळ जे कॉलेज आहे, तिथल्या मुलींच्या संघाची. माझं त्या कॉलेजशी नातं एवढंच, की मी त्यांचे सामने चुकवत नाही आणि फिरायला निघाले की सराव बघायला कठड्याशी थांबते. नव्या मोसमाचा अंदाज मला तिथेच येतो.

जुलैतली इथली सकाळ म्हणजे भुरभुर पाऊस आणि ओलं सिमेंट. मुली आधी वायपरनं पाणी काढतात आणि जेवढा भाग कोरडा होईल तेवढ्यात डिफेन्सचा सराव सुरू करतात. कोच कडेनं ‘बेगा, बेगा!’ (लवकर, लवकर!) करत पळत असतात. या वर्षी ते फुल-कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर दाबून केलेला बचाव, बसवतायत, हे पहिल्या काही दिवसांतच लक्षात आलं. मला ते पटलं. संघातली उंची गेली आहे. रिंग मुलींसाठीही 3.05 मीटरवरच असते, लहान असतो तो फक्त चेंडू, सहा नंबरचा. उंच सेंटर असली, की आपला चुकलेला शॉटही परत आपल्या हाती यायची आशा असते. ती नसली, तर समोरच्यांना आपल्या रिंगपर्यंत सुखानं येऊच द्यायचं नाही. नियमाप्रमाणे त्यांना आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडावं लागतं आणि चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. त्या आठ सेकंदांत दोघींनी मिळून चेंडूवालीला कडेच्या रेषेशी कोंडलं, तर घाईत चुकीचा पास जाण्याची शक्यता खूप वाढते.

पण प्रेस पायांवर चालते. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर पाचच जणी ती खेळू शकत नाहीत, आठ-नऊ जणी लागतात. धसमुसळ्या बचावात फाउल वाढतात आणि पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. म्हणजे आमचा हा मोसम सुरुवातीच्या पाच जणींपेक्षा बाकावर बसणाऱ्या मुलींवर अवलंबून आहे. मागच्या वर्षी त्या फारशा खेळल्याच नाहीत. सेंटर आणि शूटर असताना त्यांची गरज पडली नाही.

त्यांच्यात बेळगावहून आलेली एक मुलगी आहे. मला मराठीत फोनवर बोलताना ऐकून ती स्वतःच ओळख करून घ्यायला आली. तिचे पाय विलक्षण चपळ आहेत आणि चेंडू कुठे जाणार हे तिला इतरांच्या आधी कळतं. पण रिंगकडे जायचं तर उजवीकडूनच. “डाव्या हातानं ले-अप का घेत नाहीस गं?” मी विचारलं. “घेतो की काकू, अजून भरवसा वाटत नाही बघा,” ती म्हणाली. त्यानंतर सराव संपल्यावर ती डाव्या बाजूनं एकटी ले-अप घेताना दिसते. पुष्कळ चुकतात. मला या मोसमाबद्दल आशा वाटते ती असल्या गोष्टींमुळे.

या मुलींना खेळताना बघणारं कोण असतं? हॉस्टेलच्या मैत्रिणी, एखादीची आई, शेजारच्या कोर्टवर आपली पाळी यायची वाट बघणारा संघ. मुलींचं बास्केटबॉल खरं तर कॉलेजातच जन्मलं. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं 1893 मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लावला, तेव्हा पुरुषांना तो बघायलाही मनाई होती. त्याच देशात 2024 च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा या विद्यापीठांच्या मुलींचा अंतिम सामना सरासरी एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितला. त्याच वर्षीच्या मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा तो आकडा मोठा होता. आपल्या बंगळुरूची संजना रमेश त्या व्यवस्थेत पोचली, नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळली. तिच्याबद्दल मला फार अभिमान वाटतो. पण अशी वाट एखादीलाच सापडते.

बाकीच्यांचं काय होतं? काही जणींना खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळते. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वेचा वरचष्मा राहिला, कारण खेळाडूला पगार देणारी जागा तिथे होती. या शहरात मुख्यालय असलेल्या विजया बँकेनं आपला पुरुषांचा संघ नावारूपाला आणला होता. ती बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. नोकरी देणारे संघ मोजकेच, त्यातले मुलींचे आणखी थोडे. त्यामुळे आमच्या संघातल्या बहुतेक मुलींसाठी कॉलेजचा मोसम ही पुढच्या कशाची तरी पहिली पायरी नाही. आयुष्यात सगळ्यात चांगलं बास्केटबॉल त्या याच महिन्यांत खेळणार आहेत. त्यांचा सामना मी जाऊन बघते त्याचं कारण हे आहे, आणि आपल्या भागातल्या कॉलेजचे सामने इतरांनीही बघावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रेक्षक आले की काय होतं, ते मी 29 जुलै 2017 रोजी कंठीरवा इनडोअर स्टेडियममध्ये अनुभवलं. महिलांच्या आशिया कप स्पर्धेत ‘ब’ गटाचा अंतिम सामना, समोर कझाकस्तान. आपल्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुण्यात शाळेच्या संघातून खेळलेल्या माझ्यासारखीला तेवढं नाव ओरडायला पुरेसं होतं. 75-73 असा सामना जिंकला आणि भारत वरच्या गटात गेला. दोन वर्षांनी त्याच शहरात वरच्या गटाची स्पर्धा झाली, तेव्हा आपण आठांत आठवे आलो. जपानसारख्या संघाच्या वेगापुढे आपल्या मुली दमत होत्या. ते अंतर राष्ट्रीय शिबिराच्या काही आठवड्यांत भरून निघणारं नाही. त्यासाठी कॉलेजच्या वयात खूप सामने, तेही अटीतटीचे, खेळायला हवेत.

नेमके तेच कमी पडतात. बंगळुरू विद्यापीठाचं 2017 मध्ये तीन विद्यापीठांत विभाजन झालं आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही वाटल्या गेल्या. ज्या संघांशी झुंज व्हावी, ते आता वेगळ्या विद्यापीठात आहेत. ख्राइस्ट किंवा जैन यांसारखी अभिमत विद्यापीठं आपल्याच विद्यार्थिनींतून संघ बांधून थेट दक्षिण विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतात. आमच्यासारख्या संलग्न कॉलेजच्या मुली आधी आपापसांत खेळतात, मग त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तेव्हा काल जिच्या शॉटला मी घाबरत होते, तिच्यासाठी आज टाळ्या वाजवायच्या असतात. हे मला आवडतं. पण या कॉलेजांनी एकत्र येऊन ऑगस्टमध्ये साखळी पद्धतीचे सामने ठेवले, तर प्रत्येक मुलीला बाद फेरीतल्या एखाद-दोन सामन्यांऐवजी आठ-दहा तरी खेळायला मिळतील. खर्च फार नाही. कोर्ट आहेत, पंच आहेत, सकाळी सहाला उठणाऱ्या मुली तर आहेतच.

माझा अंदाज विचाराल तर आमचा संघ उपांत्य फेरी गाठेल. त्यापुढे फ्री थ्रोवर अवलंबून आहे. प्रेस खेळणाऱ्या संघाचे पाय शेवटच्या क्वार्टरमध्ये जड होतात आणि त्याच वेळी फ्री थ्रोचे गुण लागतात. कोच आता धावणं झाल्यावर, धाप लागलेली असताना, प्रत्येकीकडून फ्री थ्रो घेऊन घेतात, हे फार चांगलं चाललंय. पहिल्या सामन्यात बेळगावची मुलगी सुरुवातीच्या पाचांत असावी अशी माझी इच्छा आहे. कोच बहुधा तिला दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवतील, आणि तेच योग्य. तोवर समोरची पॉइंट गार्ड थकायला लागलेली असेल, तिच्यावर ताजे पाय सोडायला हवेत.